भातुकलीतला कान तुटका कप



आजचा विषय मला फोनवर सांगितला, तेव्हा मी लगेच हो म्हणाले. लहान मुलांना घरच्या घरी माया, कणव, दुसऱ्याचं मन ओळखणं कसं शिकवायचं. मी बडोद्याला 26 वर्षं बालवाडीत शिकवलं. म्हटलं, यावर बोलायला तयारी कसली लागते! मग रात्री कागद-पेन घेऊन बसले आणि पहिली जी गोष्ट आठवली, ती माझ्या शहाणपणाची नव्हती. ती एका कपाची होती. तिथूनच सुरुवात करते.

माझी लेक तेव्हा चार वर्षांची होती. दुपारची वेळ. तिने गॅलरीत भातुकली मांडली होती. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते, पण मुलांचा खेळ ऐकायची आमच्या कामातली सवय, म्हणून कान तिकडे होते. पाटावर दोन बाहुल्या आणि एक अस्वल बसलं होतं. त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली, लाजू नका म्हणून आग्रहही झाला. आणखी एक बाहुली मात्र दाराशी, नुसत्या फरशीवर बसवलेली. तिलाही चहा होता. पण तिचा कप निराळा होता. आख्ख्या भातुकलीत एकच कान तुटलेला कप होता, तो तिच्यापुढे.

मी विचारलं, "ही का गं खाली बसलीय?"

"ती बेन आहे."

"मग तिला हा कप का?"

लेकीने माझ्याकडे असं पाहिलं, की आईला एवढंही कसं कळत नाही. म्हणाली, "आई, ती बेन आहे ना!"

जरा समजावून सांगते. गुजरातेत बाईमाणसाला नावापुढे बेन लावून हाक मारतात. बेन म्हणजे बहीण. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंना मी बेन म्हणायचे आणि त्या मला बेन म्हणायच्या. तुम्ही पुण्या-मुंबईत असाल तर मावशी म्हणत असाल, इंदूर-दिल्लीकडे दीदी, बंगळूर-हैदराबादला अक्का नाहीतर अम्मा. म्हणजे हाक सगळीकडे जवळच्या नात्याची. आणि आमच्या स्वयंपाकघरात, खिडकीच्या कट्ट्यावर, एक कप वेगळा ठेवलेला असायचा. त्याचा कान तुटलेला होता. सासूबाईंच्या काळापासून बेनचा चहा त्यातच. गुजरातच्या खेड्यांत दलितांसाठी बाजूला ठेवलेल्या अशा भांड्याला 'रामपातर' म्हणत. नाव देवाचं आणि काम माणसाला लांब ठेवायचं. आमच्या घरातल्या कपाला काहीच नाव नव्हतं. त्याबद्दल कुणी कधी एक वाक्यही बोललेलं नव्हतं. तो फक्त तिथे असायचा.

मी रोज सकाळी बालवाडीत मुलांना सांगायचे, वाटून खा, आपण सगळे सारखे. ते मुलांना किती कळायचं कोण जाणे. पण घरी माझ्या मुलीचा धडा मात्र चोख पाठ झाला होता, कुणी न शिकवता.

म्हणून आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. दुसऱ्याचं मन जाणायला मूल आपल्या सांगण्यातून शिकत नाही. आपलं ज्यांच्यावर चालतं, त्यांच्याशी आपण कसे वागतो, त्यातून शिकतं. आणि विचार करा, घरात आपलं सगळ्यात जास्त चालतं कुणावर? कामाला येणाऱ्या माणसांवर. आणि खुद्द त्या मुलावर.

आधी मुलाचं बोलू. आणि आधी चांगली बातमी सांगते.

आपण 'शिकवायचं' म्हणतो तेव्हा धरून चालतो, की मूल कोरं आहे, ओतायचं आपल्याला आहे. तसं नाही. जर्मनीत लाइप्झिगला फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकल टोमासेलो या दोन संशोधकांनी एक अगदी साधा प्रयोग केला. 2006 मध्ये तो 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. दीड वर्षाची मुलं. समोर एक माणूस दोरीवर कपडे वाळत घालतोय. त्याच्या हातून चिमटा खाली पडतो. तो हात लांबवतो, पण हात पोचत नाही. नाहीतर तो दोन्ही हातांत मासिकांचा गठ्ठा घेऊन कपाटापाशी येतो आणि बंद दारावर अडतो. तो मदत मागत नाही, शाबासकी देत नाही. तरी 24 मुलांपैकी 22 मुलांनी कुठल्या ना कुठल्या वेळी मदत केली. उठून गेली, चिमटा उचलून दिला, कपाटाचं दार उघडून दिलं. आणि त्या माणसाने चिमटा मुद्दाम खाली टाकला, तर मुलं सहसा जागची हलत नव्हती. म्हणजे याला खरंच अडचण आहे की नाही, हेही त्यांना कळत होतं. ज्याला अजून स्वतःची चड्डी वर ओढता येत नाही, त्या मुलाला!

दुसरा प्रयोग अमेरिकेतला, बर्कलीचा. बेटी रेपाचोली आणि अ‍ॅलिसन गोपनिक यांनी तो 1997 मध्ये प्रसिद्ध केला. मुलांपुढे दोन वाट्या. एकीत खारी बिस्किटं, दुसरीत कच्ची ब्रोकोली. मुलांना अर्थातच बिस्किटं आवडतात. समोरची बाई मात्र ब्रोकोली खाऊन खूश होते आणि बिस्किट तोंडात घालून तोंड वाकडं करते. मग हात पुढे करून म्हणते, मला थोडं दे. 14 महिन्यांची मुलं तिला बिस्किट देतात. का? कारण आपल्याला आवडतं ते तिलाही आवडणार! पण 18 महिन्यांची मुलं ब्रोकोली देतात. स्वतःला नावडती असून. माझी आवड वेगळी, तिची वेगळी, हे कळायला मधले फक्त चार महिने पुरले.

हे सांगण्यात माझे दोन हेतू आहेत. एक म्हणजे, वयाच्या आधी मुलाला दोषी ठरवू नका. माझ्याकडे आया यायच्या. "बाई, सव्वा वर्षाचा झाला, खेळणं कुणाला देतच नाही, स्वार्थी निघणार का हो?" नाही हो. तो आत्ता कुठे 'माझं' हा शब्द शिकतोय. ज्याला 'माझं' कळलेलं नाही, तो 'तुझं' कसं समजणार आणि देणार कसं? आणि दुसरं म्हणजे, ज्याला आपण शिकवायचं म्हणतो ते बरंचसं आधीच आलेलं असतं. आपलं काम ते जपायचं.

आणि आपण काय करतो? दोन वर्षांचं मूल झाडू ओढत येतं. "ठेव तो, घाण आहे." कणकेत हात घालतं. "जा बाहेर, पसारा करशील." आजोबांना पाणी द्यायला पेला उचलतं. "नको, सांडशील!" असं दिवसातून दहा वेळा. मदत करायला आलेल्या माणसाला आपण हाकलून देतो आणि हातात मोबाइल देऊन गप्प बसवतो. मग ते दहा वर्षांचं झालं की म्हणतो, बघा, घरात कुणाला काय हवं-नको ते बघत नाही.

त्याला खरं काम द्या. खोटं, खेळातलं नव्हे. मटार सोलणं, जेवायला वाट्या मांडणं, आजीचा चष्मा शोधून देणं. पाणी सांडेल. सांडू द्या, फडकं कुठे असतं ते दाखवा. आणि कृपा करून प्रत्येक मदतीला चॉकलेट देऊ नका. याच वॉर्नेकेन आणि टोमासेलो यांनी 2008 मध्ये हेही दाखवलं, की मदतीबद्दल खेळणं बक्षीस मिळालेली 20 महिन्यांची मुलं पुढच्या वेळी कमी मदत करायला लागली. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं, ती करत राहिली. चॉकलेटच्या आधी त्याला आजीची अडचण दिसत होती. चॉकलेटनंतर त्याला चॉकलेट दिसतं. "आजीला बरं वाटलं बघ," एवढं म्हटलं तरी खूप झालं.

आता एक आपल्या सगळ्यांच्या घरातलं दृश्य. मूल धावताना आपटतं आणि रडतं. आपण काय करतो? फरशीला चापट मारतो. "हात रे! बाळाला लागलं काय? घे!" मूल हसतं, रडणं थांबतं. मी पण केलंय, माझ्या आईने केलंय, तिच्या आईने केलंय. पण त्यात मूल काय शिकतं ते बघा. लागलं की दुसऱ्या कुणाला तरी मारायचं, म्हणजे बरं वाटतं. आणि मारायला कोण सापडतं? जे उलट मारणार नाही ते.

दुसरा प्रकार, "काही झालं नाही, काही झालं नाही!" अहो, झालंय ना! गुडघा सोललाय. नाहीतर, "मुलगा असून रडतोस?" ज्याचं स्वतःचं दुखणं घरात कुणी खरं मानत नाही, त्याने दुसऱ्याचं दुखणं खरं कसं मानायचं? जवळ घ्या आणि म्हणा, "लागलं ना? दुखतंय. बघू कुठे." यात लाड नाहीत. आपल्याला काय होतंय त्याला नाव असतं आणि ते ऐकणारं कुणी असतं, हे मुलाला आधी स्वतःबद्दल कळावं लागतं. मग ते दुसऱ्याला लावता येतं.

आणि मुलाचं चुकतं तेव्हा? खरी परीक्षा तिथे आहे. त्याची एक गोष्ट सांगते. आमच्या बालवाडीत एक मुलगा होता. चपळ, गोड आणि ढकलण्यात पटाईत. त्याने कुणाला ढकललं की आम्ही म्हणायचो, "सॉरी म्हण." तो म्हणायचा. पुन्हा ढकललं, पुन्हा सॉरी. एक दिवस घसरगुंडीच्या रांगेत त्याने आधी पुढच्या मुलीला "सॉरी" म्हटलं आणि मग ढकललं.

आम्ही शिक्षिका आधी हसलो. मग गप्प झालो. त्याचं काय चुकलं होतं? आम्ही शिकवलं तसंच तो वागला होता. सॉरी म्हणजे टोलनाका. पैसे भरा आणि पुढे जा. त्याने आधीच भरले.

त्यानंतर आम्ही 'सॉरी म्हण' म्हणणं बंद केलं. त्याऐवजी त्याला हाताला धरून त्या मुलीपाशी न्यायचं. ओरडायचं नाही. शेजारी उकिडवं बसायचं आणि म्हणायचं, "हिचा गुडघा बघ. रक्त आलंय. तिला दुखतंय. आता काय करूया?" आणि थांबायचं. हे थांबणं सगळ्यात अवघड. पहिले काही दिवस तो नुसता बघत उभा राहायचा. मग एकदा स्वतःहून पाण्याचा पेला घेऊन आला. महिनाभराने तिच्या गुडघ्यावर फुंकर घालताना दिसला. ढकलणं एकदम थांबलं असं नाही. पण ढकलून झाल्यावर तो मागे वळून बघायला लागला. माझ्या मते ती मोठी गोष्ट होती.

मार्टिन हॉफमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने या विषयावर आयुष्यभर काम केलं. त्यांचं सांगणं थोडक्यात असं, की नुसता धाक किंवा 'मी तुझ्याशी बोलणार नाही' यापेक्षा, तुझ्या वागण्याने समोरच्याला काय झालं ते मुलाला दाखवणं जास्त कामाचं असतं. मला बालवाडीत याचं कारण असं दिसलं: "तू वाईट मुलगा आहेस" म्हटलं की मूल स्वतःकडे बघायला लागतं. आता मार बसेल का, आई रागावली का, बाबांना सांगतील का. तेवढ्यात त्या मुलीचा गुडघा राहिला बाजूलाच! घाबरलेल्या मुलाला दुसऱ्याचं दुखणं दिसत नाही. आपल्यालाही दिसत नाही घाबरल्यावर.

हे 'दुसऱ्याच्या जागी जाऊन बघणं' आपण मुलांसाठी करायचं असतं. याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात उत्तम उदाहरण ताराबाई मोडकांचं आहे. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलं आणि 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात. 'यांना शिक्षणाची किंमतच नाही' असं म्हणून मोकळं होता आलं असतं. ताराबाईंनी तसं म्हटलं नाही. त्यांची बालवाडी उठून पाड्यावर गेली, मुलांच्या घरापुढच्या अंगणात. अंगणवाडी हा शब्द तिथला. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ. पुढे जी मुलं दिवसभर गुरं राखायची, त्यांच्यासाठी शाळा कुरणावर भरायला लागली, तिला कुरणशाळा म्हणत. 'मूल का येत नाही?' हा प्रश्न आपणही घरात रोज विचारतो, पण तक्रार म्हणून. 'हा असा का वागतो!' तो एकदा खरोखरचा प्रश्न म्हणून विचारून बघा. शाळेतून आल्या आल्या आजीवर खेकसणाऱ्या मुलाला, "शाळेत आज काही झालं का रे?" असं विचारून बघा. आजीवर खेकसायचं नाही, हे नंतर सांगायचंच आहे. पण आधी हे.

गोष्टींचंही तसंच. चिऊ-काऊची गोष्ट आपल्यातल्या कुणाला सांगितली गेली नाही? काऊचं शेणाचं घर पावसात वाहून जातं, तो चिऊच्या मेणाच्या घरापाशी येऊन दार ठोठावतो आणि चिऊ आतून एकेक काम सांगत त्याला ताटकळत ठेवते. मी ती गोष्ट किती वेळा सांगितली असेल याला गणती नाही. त्या ताटकळण्यातच गंमत, मुलं खिदळतात. एकदा जुलैत, बाहेर धो धो पाऊस, पत्र्यावर आवाज चाललेला, आणि मी रंगात येऊन सांगत होते. साडेतीन वर्षांच्या एका मुलाने मध्येच विचारलं, "बाई, चिऊला ऐकू येत होतं ना?"

मी थांबले. ऐकू येत होतं की. म्हणजे काऊ भिजतोय हे तिला माहीत होतं. इतकी वर्षं मी ती गोष्ट सांगत होते आणि दाराबाहेर कधी उभी राहिले नव्हते.

मग मी गोष्ट पुढे नेलीच नाही. विचारलं, काऊला काय वाटत असेल? थंडी वाजत असेल. रडू येत असेल. त्याची आई कुठे आहे? मग एक मुलगी म्हणाली, "पण काऊ अंडी खातो. चिऊ घाबरली असेल." बघा! दुसरी बाजूही मुलांनीच काढली. बरीच चर्चा होऊन शेवटी ठरलं, की काऊला घरात नको, पण ओसरीवर घ्यायचं आणि टॉवेल द्यायचा. मला वाटतं, मोठ्यांच्या सभेतही याहून बरा ठराव झाला नसता. तात्पर्य सांगायची घाई करू नका. 'आता त्याला काय वाटत असेल?' एवढं विचारा आणि मुलांना बोलू द्या.

आणखी एक सांगायलाच हवं, कारण ते आपल्या घरांत फार चालतं. "तू मोठी ना? दे त्याला." "तू मुलगी ना? समजून घे." मुलाचा हट्ट आणि मुलीचा समजूतदारपणा. घरात कणव दाखवायचं काम एकाच मुलाकडे दिलं, तर त्याला कणव म्हणत नाहीत, पड खाणं म्हणतात. जिला नेहमी द्यावं लागतं, ती आतून चिडते. ज्याला नेहमी मिळतं, त्याला देणाऱ्याचा चेहरा दिसायचा थांबतो. म्हणून ताईची बाहुली ताईची आहे, तिला विचार, ती नाही म्हणाली तर नाही, हेही दयाळूपणाचंच शिक्षण आहे. दोघांचंही.

आता परत त्या कपाकडे येते.

त्या संध्याकाळी मी घरात विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळेपासून आहे तो कप. कुणाचं काय बिघडलं?" माझ्या सासूबाई कठोर नव्हत्या हो. बेनच्या सुनेच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू करून पाठवणाऱ्या त्याच. माया होती, पण बरोबरी नव्हती. आणि हे दोन्ही एका घरात सुखाने नांदू शकतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. भांडण झालं नाही. त्या दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलल्या.

दुसऱ्या दिवशी मी तो कप टाकून दिला. बेनना आमच्या कपात चहा दिला आणि दिवाणखान्यातली खुर्ची दाखवली. मनात मी स्वतःची पाठ थोपटत होते. बेन बसल्या नाहीत. उभ्याउभ्या, अवघडून चहा प्यायल्या आणि तो कप दोनदा घासला. असं कित्येक दिवस चाललं. मी म्हणायचे, बसा ना. त्या म्हणायच्या, राहू दे बेन. लेक दारातून बघत असायची.

मला कळायला वेळ लागला. इतकी वर्षं जिला खाली बसवलं, तिला एक दिवस घराच्या मधोमध खुर्चीवर बसायला सांगायचं, यात माझी सोय होती. माझ्या मनावरचं ओझं उतरणार होतं. त्यांच्या जिवाची किती घालमेल होईल, हे मी बघितलंच नव्हतं. मग एका सकाळी मी मेथी निवडायला स्वयंपाकघरात खाली बसले होते. बेन आल्या, समोर बसल्या, चार काड्या हातात घेतल्या. मी चहा केला. दोघींनी खाली बसून घेतला, एकसारख्या कपांत. लेक येऊन मध्ये बसली. तिथून पुढे सोपं झालं.

मी हे इथेच संपवलं असतं तर गोष्ट छान झाली असती. पण दोन वर्षांनी आमच्याकडची चांदीची वाटी हरवली.

मी बेनना चोर म्हटलं नाही. मी फक्त विचारलं, "बेन, वाटी कुठे दिसली का हो?" पण विचारायचे दोन आवाज असतात, तुम्हाला माहीत आहे. माझा दुसरा होता. त्या म्हणाल्या, नाही बेन. दोन दिवस मी त्यांच्या हाताकडे, पिशवीकडे बघत होते. लेक तेव्हा सहा वर्षांची. रात्री झोपताना म्हणाली, "आई, बेननी वाटी चोरली?" मी म्हटलं, "तसं कुणी म्हटलं का?" ती म्हणाली, "तू बघत होतीस."

तिसऱ्या दिवशी वाटी सापडली. फ्रिजमध्ये, मागच्या बाजूला, उरलेलं श्रीखंड भरून मीच ठेवलेली.

आता काय करायचं? गप्प बसता आलं असतं. मी कुठे काय बोलले होते! पण लेकीने बघितलं होतं. आणि बेनना तर सगळंच कळलेलं होतं. सकाळी त्या आल्या. लेक शाळेला निघायच्या गडबडीत, एक मोजा पायात, एक हातात. मी तिच्यासमोरच म्हणाले, "बेन, वाटी माझ्याकडूनच फ्रिजमध्ये राहिली होती. मी तुमच्यावर संशय घेतला. माझं चुकलं." माझे हात थंड पडले होते. पन्नास मुलांसमोर बोलणारी बाई मी, पण हे एवढं बोलताना आवाज नीट निघेना.

बेन लगेच काही म्हणाल्या नाहीत. भांडी विसळत राहिल्या. मग म्हणाल्या, "दोन रात्री झोप नाही लागली, बेन." एवढंच. 'असू दे' म्हणाल्या नाहीत. आणि त्यांनी ते म्हणावं असं मला वाटत होतं, हेही खरं. चुकलं म्हटलं की समोरच्याने लगेच माफ करावं, ही तीच टोलनाक्याची सवय. त्या दिवशी मी तिथे उभी राहिले आणि ते ऐकून घेतलं. आणखी काही करण्यासारखं नव्हतं.

माझी लेक आता मोठी आहे, दुसऱ्या शहरात असते, तिचं स्वतःचं घर आहे. या भाषणासाठी मी तिला फोन करून विचारलं, तुला तो कान तुटका कप आठवतो का गं? तिला अजिबात आठवत नाही. भातुकली आठवते, कप नाही. मला जरा वाईटच वाटलं, इतकी वर्षं मी तो मनात घेऊन फिरतेय! मग ती म्हणाली, "पण तू बेनना माझं चुकलं म्हणालीस ते आठवतं. तुझा आवाज थरथरत होता. मला तेव्हा फार भीती वाटली होती. म्हणजे आईचंही चुकतं, आणि चुकलं तर असं सांगायचं असतं."

मी 26 वर्षांत सांगितलेल्या किती गोष्टी तिला आठवतात, ते विचारायचं धाडस मग मी केलं नाही.

तेव्हा तुमच्या घरात सगळं बरोबर असायला हवं, मगच मूल शिकेल, असं मी म्हणत नाही. तसं घर मी अजून पाहिलेलं नाही. आपलं चुकणार. कामाच्या बाईंशी चुकेल, रिक्षावाल्याशी चुकेल, म्हाताऱ्या सासऱ्यांशी चुकेल, आणि सगळ्यात जास्त मुलाशी चुकेल. दमून घरी येऊन आपण त्याच्यावर विनाकारण ओरडतो, आणि पुढे त्याच्याजवळ जाऊन "मघाशी मी उगाच ओरडले, तुझं काही चुकलं नव्हतं" असं म्हणायचं राहून जातं. ते राहू देऊ नका. ज्याच्यावर आपलं चालतं त्याच्यासमोर खाली बसून 'माझं चुकलं' म्हणणारा मोठा माणूस मुलाने एकदा जरी पाहिला, तरी ते त्याच्या लक्षात राहतं.

आज घरी गेल्यावर मुलाला काहीच शिकवू नका. फक्त त्याचा खेळ चालू असताना शेजारच्या खोलीत घड्या घालत बसा. भातुकली असेल, टीचर-टीचर असेल, डॉक्टर-डॉक्टर असेल. कुणाला खुर्ची मिळते, कुणाला फरशी, कुणावर ओरडलं जातं आणि कुणाच्या आवाजात, ते ऐका. आवाज ओळखीचा निघेल. मुलाला रागावू नका. उठा, आणि आपल्या स्वयंपाकघरातला कट्टा एकदा बघून या.